चार दगडांच्या आत

फिजिक्सच्या इमारतीपासून केमिस्ट्रीच्या इमारतीपर्यंत चालत जायला अडीच मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. आमच्या सरांना सव्वा तास लागायचा, आणि त्यातला बराचसा वेळ माझ्याही आयुष्यातून जायचा, कारण बांबूचं दुसरं टोक बऱ्याचदा माझ्या खांद्यावर असायचं.

बांबूच्या मधोमध लोंबकळायची शिशाची पेटी. पेटीत कापूस, कापसात काचेची नळी आणि नळीच्या बुडाशी चिमटीतही येणार नाही एवढं पांढुरकं मीठ. ते रेडियम. लढाईच्या अगोदर कुण्या दानशूर गृहस्थानं ते आमच्या कॉलेजला दिलं होतं. कॉलेज अमरावतीच्या कडेला, लहानसं. आता ते उरलेलंही नाही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. आमचे सगळे कागद नागपूरला जायचे आणि बहुतेक तिकडेच राहायचे. मी अकोल्याचा, नवा डेमॉन्स्ट्रेटर. सर लॅबचे मुख्य. आणि तिसरा पुंडलिक, म्हातारा शिपाई, दर्यापूरकडचा. रेडियम वाहणारे आम्ही तिघेच.

ते कसं वाहायचं याचे नियम सरांनी स्वतः केले होते. कोणी मागितले नव्हते. असे काही नियम असावे लागतात हे त्या काळात आमच्याकडच्या सरकारलाही ठाऊक नसावं. पेटी हातात धरायची नाही, बांबूलाच लटकवायची. मुलं वर्गात असतील तेव्हाच निघायचं. व्हरांड्यातून जायचं नाही, कडुनिंबांच्या मागून लांबचा वळसा घ्यायचा. वाटेत थांबायचं नाही, बोलायचं नाही, तंबाखू तोंडात टाकायची नाही. एका माणसानं एका आठवड्यात दोनदा खांदा द्यायचा नाही. पोहोचल्यावर रिठ्यानं हात धुवायचे, नखांसकट. आणि ज्यानं वाहिलं त्यानं वहीत सही करायची की मी हे माझ्या खुशीनं वाहिलं. पुंडलिक अंगठा उठवायचा आणि दर वेळी म्हणायचा, “खुशी कायची बापा, पण उठवतो.”

तास बुडवलेली होस्टेलची पोरं खिडक्यांतून ओरडायची, “पालखी निघाली रे!” सर मान वर करायचे नाहीत. एकदा खुद्द प्रिन्सिपॉल पाहुण्यांना आवार दाखवत फिरत होते. त्यांनी लांबून हाक मारली, “अहो प्रोफेसर, जरा इकडे या!” सर पुढे चालतच राहिले. प्रिन्सिपॉलांनी पुन्हा हाक मारली. सर चालतच. शेवटी ते साहेब पाहुण्यांना सोडून धोतर सावरत आमच्या मागून धावले, आणि सरांनी काय करावं? एक हात वर करून त्यांना ‘लांब राहा’ अशी खूण केली! प्रिन्सिपॉलांना! मला तर तिथल्या तिथे बांबू टाकून अकोल्याची गाडी पकडावीशी वाटली. पेटी जागेवर ठेवून, हात धुऊन, सही करून सर परत त्यांच्याकडे गेले आणि शांतपणे म्हणाले, “हं, बोला. आपण काही म्हणत होता.”

मी थकून जायचो हो. आजही तो माणूस आठवला की पहिल्यांदा थकवाच आठवतो. त्यांना घाई कशाचीच नव्हती. मी कुरकुर केली की म्हणायचे, “घाई तुम्हाला आहे. त्याला नाही. निम्मं व्हायलाच त्याला सोळाशे वर्षं लागतात.” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! पाणी प्यायला उशीर झाला तरी सोळाशे वर्षं, वर्गाला उशीर झाला तरी सोळाशे वर्षं.

शिपायापासून सगळ्यांना ते ‘अहो’ म्हणायचे. पुंडलिकला ‘पुंडलिकराव’. जेवण चमच्यानं. खानावळीतली माणसं त्यांना साहेबी थाटाचे समजून हसायची. थाट कसला! उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं त्यांना नीट वाकवताच यायची नाहीत. कातडी कडक, चिरा पडलेली, वरणाचा मीठमसाला लागला तरी झोंबायची. मी एकदाच विचारलं. ते म्हणाले, “कलकत्त्याला शिकत होतो. आमचे गुरुजी नळी वर्गात फिरवायचे. हातात घेऊन बघायचो. सगळेच घ्यायचो.” एवढंच. त्या दिवसापासून मी बांबूबद्दल कुरकुर कमी केली, बंद नाही केली.

असा हा इतका जपून चालणारा माणूस. त्यानं आयुष्यात मोठी चूक केली ती एकच, आणि ती जमिनीच्या बाबतीत केली. त्या चुकीखाली वेणूबाईचा मळा येत होता.

वेणूबाई माळीण. कॉलेजच्या मागच्या अंगाला, विहिरीजवळची दीड एकर जागा तिला भाजीसाठी दिलेली होती. होस्टेलच्या मेसला भाजी द्यायची आणि उरलेली इतवाऱ्याच्या बाजारात नेऊन विकायची, असा ठराव. नवरा दम्यानं खाटेवर बसून. घरातली सगळी पोटं त्या दीड एकरावर. मुळा, मेथी, वांगी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, भेदरं म्हणजे टोमॅटो, सगळं ती लावायची, आणि तोंडानं अशी फटकळ की मेसचा आचारीही तिच्याशी भाव करायला दबकायचा.

झालं असं की बी.एस्सी.च्या एका मुलाच्या हातून चिमटा निसटला आणि नळी फुटली. मुलगा रडायला लागला. सरांनी आधी त्याला बाहेर काढून हात धुवायला लावले, मग दारं बंद करून चार दिवस ते एकटेच आत. जमेल तेवढं मीठ टिपून नव्या नळीत भरलं. उरलं ते काय? फडकी, लाकडाचा भुसा, केरसुणी, टेबलाची वरची फळी तासून काढलेले छिलके आणि सरांचा स्वतःचा कोट. हे सगळं त्यांनी लोणच्याच्या मोठ्या चिनीमातीच्या बरणीत कोंबलं, तोंड डांबरानं बंद केलं आणि म्हणाले, “हे आता पुरायचं. खोल. आणि कोणी विसरू नये असं.”

जागा निवडली ती वेणूबाईच्या मळ्याच्या बांधापलीकडची. पाच हात खड्डा खणला. बरणी उतरवली. माती लोटली. चार कोपऱ्यांना चार दगड रोवले, वहीत नकाशा काढला. वेणूबाई बांधावर उभी राहून हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवेना.

“मास्तर, काय पुरून राहिले?”

“बाई, तुम्ही लांब व्हा. नियम आहे.”

“होतो लांब. पण हे काळी हाय, मास्तर. इथं पुरलेलं जागेवर नाई राह्यत. उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. आमच्या वावरातले गोटे दरसाल वर येतेत.”

सर राजापूरकडचे. तांबड्या मातीतले. तिकडे शंभर वर्षांमागचं घराचं जोतं खणलं तरी चिरा चिऱ्याला लागलेला सापडतो. ते म्हणाले, “पाच हात खोल आहे, बाई. डांबर लावलंय. तुम्ही लांब व्हा पाहू.”

पुंडलिक माझ्या कानाशी पुटपुटला, “बाई खरं बोलून राहिली.” मी म्हटलं, तूच सांग त्यांना. तो म्हणाला, “मी काहून सांगू? थे शिकेल माणूस.” आणि मी? माझं बालपण याच मातीत गेलेलं. उन्हाळ्यात भेगांमध्ये कोपरापर्यंत हात घालून आम्ही हरवलेल्या गोट्या शोधायचो. मला सगळं माहीत होतं. पण ऊन फार होतं, पाय दुखत होते, आणि सरांशी वाद घातला की सोळाशे वर्षं ऐकावी लागतात. मी काही बोललो नाही.

दरवर्षी दिवाळीनंतर सर त्या चार दगडांपाशी यंत्र घेऊन जायचे. काचेच्या डब्यात सोन्याच्या वर्खाची दोन पानं. विजेचा भार दिला की पानं फाकतात आणि हळूहळू मिटतात; जवळ रेडियम असलं की भराभर मिटतात. पहिल्या वर्षी ठीक. दुसऱ्या वर्षी ठीक. तिसऱ्या वर्षी दगडांच्या मध्ये ठीक, आणि सर यंत्र उचलून परत निघाले तेव्हा सहज म्हणून बांधावर ठेवलं. पानं बघता बघता मिटली.

सर खाली बसले. पुन्हा भार दिला. पुन्हा मिटली. बांधाच्या अलीकडे, वेणूबाईच्या मुळ्याच्या वाफ्याला लागून.

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. माणूस जणू एका दिवसात म्हातारा झाला. म्हणाले, “तिनं सांगितलं होतं.” मग पुन्हा, “तिनं सांगितलं होतं हो.”

खणलं तेव्हा बरणी सापडली ती दोन हातांवर, आडवी, पोटात तडकलेली. माती तीन उन्हाळे फाटली होती आणि तीन पावसाळे फुगली होती. तिनं बरणीला पिळून, ढकलून वर आणि बाजूला आणलं होतं. फडक्यांचे तुकडे भेगांमधून खाली-वर झालेले. ही सगळी माती सरांनी एकट्यानं काढली. मला आणि पुंडलिकला बांध ओलांडू दिला नाही. वाकत नसलेल्या बोटांनी फावडं धरायचे, राकेलच्या डब्यांत माती भरायचे, आणि दर घमेल्यानंतर यंत्र ठेवून पानं बघायचे. डब्यांची तोंडं कथलाचा डाख लावून बंद केली आणि जुन्या तबेल्यात दगडी फरशीवर ठेवली. तेवढं वाहून नेताना मात्र आम्हाला बांबूला खांदा लावू दिला, सगळे नियम पाळून. पुढे कधीतरी सरकारी माणसं ते डबे घेऊन गेली. बांधालगतची चार हातांची पट्टी सरांनी कायमची बंद केली. उरलेल्या मळ्यात यंत्राची पानं नेहमीसारखीच हळूहळू मिटत होती. प्रत्येक वाफ्यातली भाजी आणून, वाळवून, जाळून तिची राख यंत्राखाली धरली. मी स्वतः राख तोलली, मी स्वतः वेळ मोजली. काही नाही. अगदी काही नाही.

मी सरांना म्हणालो, “सर, झालं ना आता? माती काढली, भाजी स्वच्छ आहे. जाऊ द्या. कोणाला कशाला सांगायचं?”

“तिला सांगायला हवं.”

“तिला सांगितलं म्हणजे सगळ्या अमरावतीला सांगितलं!”

“मग तसं,” सर म्हणाले.

आणि सांगितलं. मळ्यात जाऊन, तिच्यासमोर उभं राहून, चूक माझी, तुम्ही सांगूनही मी ऐकलं नाही, असं. मग ऑफिसच्या फळ्यावर सगळी हकीगत लिहून लावली, नकाशासकट. प्रिन्सिपॉल चिडले, नळी नागपूरला पाठवून मोकळे झाले, आणि मळ्याचं काय करायचं ते सुट्टीनंतर बघू म्हणाले. पण त्याची गरजच उरली नाही. दोन दिवसांत इतवाऱ्यात बातमी पोचली: कॉलेजच्या मळ्यातली भाजी इखारी आहे, विषारी. वेणूबाईची टोपली जशी गेली तशी परत आली. दुसऱ्या दिवशीही. मेसची पोरंही पानावरची मेथी सरकवून ठेवायला लागली.

चौथ्या दिवशी ती लॅबच्या पायरीवर येऊन उभी राहिली. डोक्यावर सुकलेली भाजी.

“मास्तर, तुमी खरं बोलले अन् माह्या चुलीत पाणी ओतलं! मी आता काय खाऊ? घरच्या माणसाच्या औषदाचं काय करू? हे मुळे खाऊ का रोज?”

मला वाटलं आता सोळाशे वर्षं निघतात की काय! नाही निघाली. ते म्हणाले, “उद्या मी येतो बाजारात.”

आले. आणि काय घेऊन आले? ते यंत्र! मी सोबत होतो, डोक्यावर ते ओझं माझ्याच होतं. वेणूबाईच्या टोपलीशेजारी फडकं अंथरून सरांनी यंत्र मांडलं आणि गिऱ्हाइकांना समजावून सांगायला लागले की बघा, ही पानं कशी हळूहळू मिटतात, म्हणजे भाजीत काही नाही. गर्दी जमली खरी. जादूगाराभोवती जमते तशी. कोणी विचारलं, “मास्तर, यातून नाग निघते का?” भाजी कोणी घेतली नाही. एक म्हातारा तर जाता जाता म्हणाला, “इख नसतं तर मोजलं असतं कायले?”

वेणूबाई मग उखडलीच. “हे यंत्र उचला आधी इथून! लोकायले वाटते इख हाय म्हणूनच तुमी मोजून राहिले. मोजू नका. खाऊन दाखवा!”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग यंत्र माझ्याकडे दिलं, चष्मा पुसला आणि टोपलीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. तिनं लोट्याच्या पाण्यात मुळा धुऊन दिला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांमध्ये धरला आणि खायला सुरुवात केली. वरण झोंबणाऱ्या चिरांना त्या मुळ्याचं पाणी कसं लागत होतं ते त्यांनाच ठाऊक. एक संपला, दुसरा घेतला. मग भेदरं. मग एक कोवळं वांगं, कच्चं. बघे हसत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर फिजिक्सचा प्रोफेसर रोज सकाळी इतवाऱ्यात जमिनीवर बसून कच्ची भाजी खात होता. लोक बघत होते, हसत होते, आणि पुढच्या टोपलीकडे जात होते.

रविवारी बाजार भरून वाहत होता. मी नेहमीप्रमाणे सरांच्या मागे उभा. तेव्हा एक बाई आली, चांगली जाणती, हातात पिशवी. सरांकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. आणि मग माझ्याकडे बोट दाखवून वेणूबाईला म्हणाली,

“अन् हे काहून नाई खात व? हे बी मास्तरच ना? एक मास्तर खाऊन राहिला, दुसरा नुसता पाहून राहिला. आठ दिवसापासून पाहून राहिली मी. म्हंजे काहीतरी हाय.”

आजूबाजूची चार-सहा माणसं थांबली. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

खरं होतं ते. आठ दिवसांत मी एक पानसुद्धा तोंडात घातलं नव्हतं. राख मी तोलली होती. वेळ मी मोजली होती. आकडा न् आकडा माझ्या अक्षरात होता. आणि तरीही मी खाल्लं नव्हतं, आणि आपण खात नाही आहोत हे स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो. आठ दिवस वेणूबाईची भाजी अडली होती ती माझ्यापाशी. मला त्या गर्दीत अंग चोरून जमिनीत जावंसं वाटलं. आज इतक्या वर्षांनी हे सांगतानासुद्धा लाज वाटते.

वेणूबाई माझ्याकडे रोखून बघत होती. ती काही म्हणणार तोच सर म्हणाले, तोंडातला घास गिळून, अगदी साध्या आवाजात, “त्यांना आग्रह करू नका, बाई. माझी चूक आहे, त्यांची नव्हे. ज्यानं त्यानं खुशीनं खावं.”

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. मी खाली बसलो. टोपलीतला मुळा उचलला, धुवायचंही भान राहिलं नाही, आणि चावला. तिखट होता, हिवाळ्यातला, नाकात झिणझिण्या आणणारा. डोळ्यांत पाणी आलं, ते मुळ्यानं आलं असं म्हणायला मी मोकळा होतो. खाल्ला पुरा. पाला राहिला तोही खाल्ला. मग दुसरा उचलला.

ती बाई कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत बघत राहिली. मग पिशवीचं तोंड उघडलं. “दे व, अर्धा शेर. अन् चार भेदरंबी टाक.”

तिच्यामागे आणखी एकजण थांबली. तिच्यामागे एक म्हातारा. वेणूबाईनं तराजू उचलला. इतक्या दिवसांनी तिच्या हाताला काम लागलं होतं, आणि तोंडालाही.

“मास्तर, दोघंबी सरका ना तिकडं,” ती खेकसली, “गिऱ्हाईक येऊन राहिलं!”